दोन लिटरचा ग्राउलर आणि सोमवारचा स्क्वॉट

सांगलीत हंगामी क्राफ्ट बिअर प्यायची म्हटलं की बहुतेकांचा मार्ग एकच: शनिवारी पुण्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी डिकीतला ग्राउलर, म्हणजे नळावरून बिअर भरून घ्यायची मोठी बाटली. कॅनमधली क्राफ्ट बिअर शॉपीत मिळते. पण एप्रिलमधली आंब्याची बिअर, सप्टेंबर-ऑक्टोबरची जर्मन धाटणीची मार्झेन, थंडीतली काळी स्टाउट हा माल मायक्रोब्रुअरीच्या, म्हणजे जागीच बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरीच्या, नळावरच येतो आणि टाकी संपली की गेला. पुण्यात हे प्रकरण २००९ मध्ये डूलाली या ब्रुअरीने सुरू केलं. ग्राउलर भरून घरी न्यायची मुभा राज्य सरकारने २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत दिली. इथे कुठल्या ब्रुअरीला तारे द्यायचे नाहीत. परीक्षा त्या बाटलीची आहे, आणि तीही आठवड्यातून चार दिवस वजनं उचलणाऱ्या, स्क्वॉटचे आकडे वहीत लिहून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूने.

निकाल आधीच सांगतो. एक लिटरची बाटली दोघांत असेल तर जरूर घ्या. दोन लिटरची घ्यायची तर प्यायला चौघं हवेत. बिअर चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. ग्राउलरचं झाकण एकदा फिरवलं की आतला वायू जायला लागतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरलेली बिअर बसलेली असते. मग "टाकून कशाला द्यायची" म्हणत माणूस ती त्याच रात्री संपवतो. ट्रेनिंगचं नुकसान होतं ते तिथे.

आकडे मांडून बघा. मिलिलिटर गुणिले टक्के गुणिले ०.००७९, की अल्कोहोलचे ग्रॅम निघतात. ५ टक्क्यांची एक लिटर बिअर म्हणजे साधारण ३९ ग्रॅम, दोन लिटर म्हणजे ७९. आता ८० किलोचा गडी धरा. एका लिटरला किलोमागे जेमतेम अर्धा ग्रॅम पडतो, दोन लिटरला एक ग्रॅम. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात नेमके हेच तपासले गेले. मांडीचे स्नायू मुद्दाम जड व्यायामाने थकवले आणि वर व्होडका आणि संत्र्याचा रस दिला. किलोमागे १ ग्रॅम घेतल्यावर दीड दिवसानंतरही ताकद बिनदारूच्या वेळेपेक्षा जास्त घसरलेली होती. अर्ध्या ग्रॅमला तसा फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या २०१४ च्या प्रयोगात तर किलोमागे दीड ग्रॅम दिला होता. तेव्हा व्यायामानंतर प्रोटीन घेऊनसुद्धा स्नायूंत नवं प्रथिन तयार होण्याचा वेग २४ टक्क्यांनी कमी झाला, आणि प्रोटीनऐवजी नुसते कार्ब घेतल्यावर ३७ टक्क्यांनी. त्यात माणसं आठच होती आणि डोस भरमसाट होता. त्यामुळे "एक बिअर प्यायलात की मसल गेले" असं जिममध्ये कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. पण शनिवारी रात्री एकट्याने दोन लिटर रिचवून सोमवारी जड स्क्वॉटला उभं राहायचं आणि मग प्रोग्रॅमलाच शिव्या द्यायच्या, यालाही अर्थ नाही. अर्धा ग्रॅम ही वरची हद्द धरा, रोजचा कोटा नव्हे. आणि ६० किलोच्या माणसाला ती हद्द पाऊण लिटरलाच लागते.

कॅलरी लेबलवर सहसा नसतात, त्यामुळे त्याही स्वतःच काढायच्या. अल्कोहोलच्या ग्रॅमला ७. म्हणजे ५ टक्क्यांच्या लिटरमागे अल्कोहोलच्याच पावणेतीनशे, वर माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, न आंबलेल्या साखरेच्या. गव्हाच्या बिअरला एकूण साडेचारशेच्या आसपास धरा, म्हणजे ६५-६५ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकरी. बल्कवर, म्हणजे वजन वाढवत, असाल तर चालून जातं. कटवर, म्हणजे चरबी उतरवायला रोज चारशे कॅलरींची तूट काढत असाल, तर एका संध्याकाळी पूर्ण दिवसाची तूट भरून निघाली. त्या दिवशी जेवणातलं तेल आणि भात कमी करा, अंडी-चिकन कमी करू नका. बरेच जण नेमकं उलटं करतात: रात्री पिणार म्हणून दुपारचं जेवणच टाळतात. दिवसाचं प्रोटीन तिथेच बुडतं आणि रिकाम्या पोटी पहिलाच ग्लास चढतो.

आता माल. सगळे हंगामी प्रकार २३० किलोमीटरचा प्रवास सारखा सोसत नाहीत.

आंब्याची बिअर सगळ्यात लोकप्रिय आणि आणायला सगळ्यात बेभरवशाची. भरून घेताना एक प्रश्न विचाराच: रस आंबवताना घातला की नंतर? आंबवताना घातला असेल तर यीस्टने साखर खाल्लेली असते. बिअर कोरडी लागते, आंबा मागे नुसता वासाला राहतो, आणि हापूस-हापूस म्हणत आलेल्याचा थोडा हिरमोड होतो. नंतर घातला असेल तर चव छान, पण साखर जास्त आणि कॅलरीही जास्त. शिवाय आंबा बहुधा गव्हाच्या बिअरमध्ये घालतात आणि तिच्यात यीस्ट जिवंत असतं. एप्रिलच्या उन्हात डिकी तापली की ते त्या साखरेवर पुन्हा कामाला लागतं, बाटलीत दाब चढतो. साधी काचेची ग्राउलर एवढ्या दाबासाठी बनवलेली नसते. झाकण उडालं तर नशीब समजा, बाटलीच फुटली तर काचा अख्ख्या डिकीभर. आंबा आणायचाच असेल तर बर्फाच्या पेटीतूनच, नाहीतर पुण्यातच बसून प्या आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

आयपीए ही कडवट बिअर. तिचा वास म्हणजे हॉप्सचा, बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा वास, आणि भरताना आत शिरलेली हवा आधी तोच खाते. सांगलीला पोचेपर्यंत निम्मी मजा गेलेली असते, टक्के मात्र सहा-सातच्या घरातच राहतात. नको. मार्झेन ५.८ ते ६.३ टक्क्यांची असते. माल्टची गोडसर, पावाच्या कडेसारखी चव प्रवासात बऱ्यापैकी टिकते, पण गोडव्यामुळे टक्के जाणवत नाहीत. त्यामुळे ग्लास मोजूनच भरायचा. महाबळेश्वरचा हंगाम सुरू झाला की स्ट्रॉबेरीच्या बिअर येतात. रंग पटकन उतरतो, चव बरी, एकदा घेऊन बघायला हरकत नाही.

वजनं उचलणाऱ्याने खरं तर ड्राय स्टाउटकडे वळावं. काळी दिसते म्हणून लोक तिला जड समजतात. प्रत्यक्षात ती ४ ते साडेचार टक्क्यांची असते, कोरडी असते आणि गव्हाच्या बिअरपेक्षा कॅलरीही बहुधा कमीच निघतात. भाजलेल्या जवाच्या चवीखाली प्रवासातली थोडीफार खराबी झाकली जाते. एकच खबरदारी: नायट्रोच्या, म्हणजे नायट्रोजन वायूवर चालणाऱ्या, नळावरची स्टाउट पार्सल घेऊ नका. साईसारखा फेस त्या नळाचा असतो, बाटलीत तो येत नाही आणि घरी येतं ते पाणचट काळं पेय. साध्या नळावर आहे का ते विचारा. इम्पीरियल स्टाउट हे मात्र वेगळंच प्रकरण, तिचे टक्के आठ आणि वर. नावात स्टाउट आहे म्हणून फसू नका.

उन्हाळ्यात गोझे मिळाली तर तिला दुसरा नंबर. मूळ जर्मनीतल्या गोस्लारची, आंबट, धणे आणि चिमूटभर मीठ घातलेली, ४.२ ते ४.८ टक्के. सांगलीच्या चाळीस अंशांत याहून बरं काही नाही. पण मीठ आहे म्हणून तिला ओआरएसचा दर्जा देऊ नका. ४ टक्के अल्कोहोलच्या पेयाने घामाची भरपाई रेंगाळते आणि लघवी वाढते हे १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं आहे. व्यायामाआधी-नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर सव्वा ते दीड लिटर पाणी चिमूटभर मिठासह आधी पोटात जाऊ द्या. तहान बिअरवर भागवायला गेलात की पहिला अर्धा लिटर पाच मिनिटांत संपतो आणि हिशेब तिथेच कोलमडतो.

भरून घेताना काय बघायचं? बाटली तपकिरी असावी. पारदर्शक काचेत उजेडाने हॉप्स बिघडतात आणि घाणेरडा उग्र वास येतो. बाटली आधी थंड केलेली असावी, नळाला लावलेली नळी तळापर्यंत गेलेली असावी, आणि फेस तोंडापर्यंत आल्यावर त्या फेसावरच झाकण बसवलेलं असावं. नळाखाली बाटली तिरकी धरून वरून ओतणारा दिसला तर नम्रपणे नळी मागा. तशी भरलेली बिअर दुसऱ्या दिवशी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. दाबाखाली भरायचं यंत्र असेल तर उत्तमच, ती बाटली न उघडता आठवडाभर सहज टिकते. साध्या नळावरची दोन-तीन दिवसांत संपवायची. डिपॉझिट किती, परत कधी, तेही तेव्हाच विचारा.

गाडीत बाटलीच्या दुप्पट वजनाचा बर्फ पेटीत टाका, बाटली उभी ठेवा, पेटी डिकीत नको, मागच्या सीटपुढे खाली सावलीत. पेठ नाक्यावर महामार्ग सोडून सांगलीकडे वळल्यावर थोडं अंतर उरलं म्हणून बर्फ संपला तरी चालेल असं वाटतं. नेमका तेवढाच वेळ बिअर पंधरा अंशांवर जायला पुरतो. घरी आल्यावर फ्रिज, फ्रीजर नव्हे. गोठली की बाटली फुटते. तासभर स्थिर राहू द्या आणि मगच उघडा, नाहीतर पहिला ग्लास नुसता फेस.

बिल आणि पिण्याचा परवाना जवळ ठेवा. राज्यात बिअरसाठी वय २१ लागतं. चालवणाऱ्याने घोटही घ्यायचा नाही. कायद्याची हद्द १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती एका मोठ्या ग्लासात ओलांडली जाऊ शकते. गोव्याचे आणि बेंगळुरूचे हंगामी कॅन कितीही नावाजलेले असोत, परवान्याशिवाय सीमेपलीकडून आणू नका. "गोवा बनावटीची दारू जप्त" ही बातमी आपल्याकडे काही नवीन नाही.

आठवडा कसा लावायचा? सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी बेंच, गुरुवारी डेडलिफ्ट, शनिवारी सकाळी ओव्हरहेड प्रेस आणि हलकं काम, रविवारी सुट्टी. बिअर शनिवारी संध्याकाळी. सकाळच्या व्यायामानंतर दोन जेवणं झालेली असतात, मधे झोपेचा एक बिघाड सोसायला रविवार मोकळा असतो. अल्कोहोलने झोप लागते लवकर, पण पहाटेची झोप तुटक होते, म्हणून शेवटचा घोट आणि अंथरूण यांत तीन तास ठेवा. रविवारी दुपारी प्यायलात तर सोमवारच्या स्क्वॉटला त्याची झळ लागते. पायांच्या जड व्यायामाच्या दिवशी रात्री अजिबात नको. आणि अंग दुखतंय म्हणून बिअरसोबत दुखण्याची गोळी घेणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे. आयब्युप्रोफेन पोटाच्या मुळावर येते, पॅरासिटामॉल लिव्हरच्या.

चखण्याचं बोलल्याशिवाय सांगलीत हा विषय संपत नाही. भडंग समोर आलं की हात थांबत नाही हे मान्य. पण चुरमुरे, तेल आणि लसूण यांतून प्रोटीन किती मिळणार, आणि तिखट-मिठाने पुढचा ग्लास लवकर लागतो. वाटीभर घ्या आणि डबा आत ठेवून या. पहिल्या ग्लासाआधी चार उकडलेली अंडी खा, त्यातून चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन आलं. शाकाहारी असाल तर ५० ग्रॅम सोया चंक्स परतून तेवढंच मिळतं. नंतर तोंडात टाकायला उकडलेला हरभरा, वर कांदा-लिंबू. शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेहून जास्त कॅलरी, तेव्हा मूठभरच. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर मटण आणि बिअर एका ताटात आणू नका.

स्पर्धेला उतरणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. २०१८ पासून अल्कोहोल जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत नाही, म्हणून ते चालतं असा अर्थ काढू नये. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण २४९ ला गेलं. एका किलोची किंमत या गावाला वेगळी सांगायला नको. स्पर्धेआधीचे चार आठवडे ग्राउलर बंद ठेवा. चवच हवी असेल तर ०.० वाल्या बिअर मिळतात. फक्त रॅडलरसारख्या लिंबाच्या गोड प्रकारांत साखर किती आहे ते मागच्या बाजूला वाचून घ्या.

बाटली रिकामी झाली की त्याच रात्री गरम पाण्याने तीनदा खळबळून धुवा. साबण नको, त्याचा अंश राहिला की पुढच्या बिअरचा फेस बसतो. झाकण काढून उलटी सुकवा. झाकणातलं रबर कडक झालं असेल तर पुढच्या खेपेला बदलून मागा, वायू तिथूनच जातो.