चिकलठाण्यात बसवून घेतलेला शाफ्टचा सेफ्टी लूप

घरी बांधलेल्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जोर नेणारा फिरता दांडा) सेफ्टी लूप, म्हणजे शाफ्ट तुटला तर त्याला झेलणारं लोखंडी कडं, बसवायचा असेल, तर छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा एमआयडीसीच्या मागच्या बाजूला एका चाचांची शेड आहे, तिथं जा. बाहेर पाटी नाही. दारात ट्रॅक्टरच्या मोडक्या ट्रॉल्या आणि बोअरच्या गाड्यांचं सामान पडलेलं असतं, त्यावरून ओळखायची. माझ्या गाडीचं काम मी तिथं करून घेतलं. पावसाळ्याचा चिखल आणि उन्हाळ्याची ढेकळं दोन्ही तुडवून झाल्यावर आता लिहितोय.

गाडीची थोडी माहिती देतो. बदनापूर तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे. क्रेट, फवारणीचं सामान, ठिबकच्या नळ्यांची बंडलं बागेत फिरवायला मी नि माझ्या पुतण्यानं ओम्नीच्या सामानातून एक उघडी गाडी बांधली. इंजिन ओम्नीचं, 796 सीसी, तीन सिलिंडरचं. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियलही (शाफ्टचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा) तिचाच. चेसिस चौकोनी पाइपची, आमची. इंजिन पुढं घेतल्यामुळं शाफ्ट लांबवून, बॅलन्स करून आणावा लागला, आणि तो आता दोन सीटच्या मधून जातो. चालवणाऱ्याचा डावा पाय, शेजारच्याचा उजवा पाय आणि फिरणारा शाफ्ट यांच्या मधे काय, तर फक्त पत्रा. ही गाडी शेताबाहेर जात नाही. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्यानं मनाई आहे, म्हणून चाचांकडंही ती छोटा हत्तीत टाकूनच नेली.

"शेतातल्या हळू गाडीला हे कशाला?" असं मला पुष्कळांनी विचारलं. उत्तर सविस्तर द्यायला पाहिजे, कारण जीव त्यात आहे.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वळणारे सांधे, असतात. पुढचा क्रॉस तुटला की शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं. मागचं टोक मात्र डिफरन्शियलला धरलेलंच असतं. गाडी पुढं जात असते, त्यामुळं पडलेलं टोक जमिनीत रुतलं तर गाडीचा मागचा भाग त्यावर उचलला जातो आणि गाडी उलटू शकते. रुतलं नाही तरी सुटका नाही. चाकं फिरताहेत तोवर डिफरन्शियल त्या मोकळ्या टोकाला फिरवत राहतो, आणि ते पत्रा, ब्रेकचा पाइप, पेट्रोलची नळी, जे आडवं येईल त्यावर आदळत जातं. ब्रेकचा पाइपच गेला तर गाडी थांबवायची कशी? मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट बहुतेक वेळा घसटत मागं लोंबतो, ते त्यामानानं कमी वाईट. म्हणून लूप पुढच्या क्रॉसजवळ हवा.

आता हळू गाडीचं. क्रॉसवर सगळ्यात जास्त ताण येतो तो पहिल्या गिअरमध्ये, चिखलात चाक अडकल्यावर. तेव्हा इंजिनाचा जोर तिपटीहून जास्त होऊन शाफ्टवर येतो. म्हणजे तुटायचा धोका हळू चालतानाच जास्त. आणि हळू म्हणजे तरी किती? पहिल्या गिअरात इंजिन 3000 आरपीएमला असलं तरी शाफ्ट सेकंदाला चौदा-पंधरा वेळा फिरतो. लोखंडाचं तेवढं वजन सेकंदाला पंधरा वेळा मांडीवर आदळणार असेल, तर गाडीचा वेग ताशी वीस आहे म्हणून काही फरक पडत नाही.

चाचांच्या आधी गावाजवळच्या एका वेल्डिंगवाल्याला विचारलं होतं. तो 3 मिलिमीटरची पट्टी वाकवून खालच्या पत्र्याला चार स्क्रू मारून देणार होता, आणि तीही फक्त खालून, इंग्रजी यू अक्षरासारखी. पैसे फार कमी सांगितले. मी नको म्हणालो.

अमेरिकेत ड्रॅग शर्यती भरवणाऱ्या एनएचआरए या संघटनेच्या नियमात या लुपाचं माप दिलेलं आहे. शाफ्टभोवती पूर्ण 360 अंश वेढा, लोखंडी पट्टी कमीत कमी पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद, आणि जागा पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत. आमच्या गाडीला शर्यत पळायची नाही, पण माप धरायचं तर नीट अभ्यासलेलं धरावं असं माझं मत. ते मी चाचांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, पाव इंच म्हंजे सहा मिलीच्या वर झालं. बाजारात सहाची पट्टी मिळती नाहीतर आठची. आठची लावू." पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, हे त्यांना तोंडपाठ होतं. 50 बाय 8 ची एमएस (साध्या लोखंडाची) पट्टी घेतली.

पण पट्टीला हात लावायच्या आधी त्यांनी जे केलं, त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो. गाडी मागून उचलली, न्यूट्रल केली, आणि खाली निजून शाफ्ट हातानं सावकाश फिरवला. एका हातात योक (क्रॉसला धरणारा दोन फाट्यांचा तुकडा), एका हातात शाफ्ट धरून उलटसुलट पिळून क्रॉसमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघितला. मग बॅटरी मारून शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते पाहिलं. शाफ्ट लांबवताना हे योक पुढंमागं झाले तर गाडी कायम थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. आमचे सरळ होते. "क्रॉस ढिला असला तर आधी क्रॉस बदलायचा. कडं हे तुटल्यानंतरचं काम करतं, तुटू नये म्हणून ग्रीसच मारावं लागतं," असं ते पुतण्याला बजावून सांगत होते. पोरगं मन लावून ऐकत होतं. आता दर पंधरवड्याला तोच क्रॉसला ग्रीस मारतो. गिअर टाकताना खालून 'टक' असा आवाज आला की क्रॉस बघायचा, हेही त्याला पक्कं माहीत झालंय.

पट्टी त्यांनी थंड वाकवली नाही. गॅसवर लाल करून एका जाड पाइपावर ठोकत ठोकत अर्धगोल केला, बैलगाडीच्या चाकाची धाव तापवून चढवतात तसं. आठ मिलीची पट्टी थंडच एवढ्या लहान गोलाईत दाबली तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडायची भीती असते. असे दोन अर्धे केले, दोन्हीला बोल्टसाठी कान काढले, आणि जोडायला 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) एम 10, म्हणजे 10 मिलीचे, बोल्ट, आणि आपोआप ढिले न होणारे नायलॉकचे नट. दोन तुकडे केल्यामुळं क्रॉस बदलायचा झाला की खालचा अर्धा काढून शाफ्ट सहज उतरवता येतो. सगळं मिळून वजन दोन किलोच्या आसपास.

लूप पत्र्याला लावायला त्यांनी साफ नकार दिला. "पत्र्याला धरलं तर पत्र्यासकट खाली येतं." गिअरबॉक्सच्या शेपटीमागं चेसिसच्या दोन्ही लांब पाइपांना आडवा पाइप वेल्ड केला आणि कडं त्याला टांगलं. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर स्वतः आठवणीनं काढली. ब्रेकचा पाइप त्याच बाजूनं जात होता, तो चेसिसच्या बाहेरच्या अंगाला हलवून दिला. ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

माझी एकच सूचना त्यांनी मोडून काढली, आणि ती मोडली ते बरं झालं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती माती कड्यात गच्च बसणार, वाळून दगड होणार आणि शाफ्टला घासणार. म्हणून मी कड्याच्या तळाला भोक पाडायला सांगितलं, पाणी-चिखल निघून जावा म्हणून. चाचा म्हणाले, "शाफ्ट पडंल तो नेमका तिथंच पडंल. भोक पाडलं की पट्टी तिथूनच फाटंल." त्यापेक्षा त्यांनी खालची जागा वाढवून दिली. बाजूनं आणि वरून एक इंच, खालून दीड. मोजलं तेही नुसती रिकामी गाडी ठेवून नाही. एकदा मागची चाकं लोंबकळत ठेवून, आणि एकदा आम्हा दोघांना सीटवर बसवून, मागं वजन लादून. पुढच्या क्रॉसजवळ शाफ्ट वरखाली फारसा होत नाही, तरी दोन्ही स्थितींत तपासलं. चिखल बसतोच, पण बोटं आत जातात. बागेतून आल्यावर पाण्याचा पाइप मारला की निघतो. तो सुकू मात्र द्यायचा नाही. आजवर कडं एकदाही वाजलेलं नाही, घासल्याची खूण नाही.

उणं काय? पट्टीवर नुसता रेड ऑक्साइडचा एक हात मारून दिला, तो पहिल्याच पावसात उडाला. मी घरी घासून नीट रंग दिला. कानांच्या भोकांच्या कडा साफ केलेल्या नव्हत्या, बोट कापलं. छापील बिल नाही. आणि उन्हाळ्यात बोअरच्या गाडीचं काम आलं की बाकी सगळी कामं थांबतात. आमचंही थांबलं. पाण्याची टंचाई असताना बोअरवाल्याला आधी घ्यायचं हे मला पटतं, पण "आज नको, परवा या" असा एक फोन करायला हवा होता.

पट्टी, आडवा पाइप, बोल्ट, वेल्डिंग आणि मजुरी धरून 2,200 रुपये झाले. आठ मिलीची पट्टी आणि चेसिसवरचं काम बघता मला रास्त वाटले. शाफ्ट लांबवणं, बॅलन्सिंग चाचा करत नाहीत, ते आधी दुसरीकडं करून न्या.

जाताना गाडी पूर्ण जोडलेली न्या, सीट आणि एक्झॉस्टसकट. एक्झॉस्टचा पाइप नंतर बसवला तर कड्याला आडवा येतो. सोबत एखादा माणूस असू द्या, माप घेताना सीटवर बसायला लागतो. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते, सकाळी दहाच्या आत गेलं तर चाचा स्वतः गाडीखाली जातात.