एक चूल, दोन पथ्यं: किडनीचं ताट आणि कॅन्सरचं ताट

आजारी माणसाला भेटायला जाताना हातात शहाळं असतंच. केमोनंतर उलट्या-जुलाबांनी गळालेल्या माणसाला ते उपयोगी पडतं. किडनीचा विकार पुढे गेलेल्याला मात्र त्यातलं पोटॅशियम महागात पडू शकतं, कारण ते रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. दोन्ही आजार मोठे म्हणून पथ्यही एकच, असं धरून शेजारच्या काकांचा आहारतक्ता झेरॉक्स करून आणणारे सोलापुरात कमी नाहीत. ही तुलना त्यांच्यासाठी.

खरा फरक प्रथिनांत आहे. साठ किलोचा माणूस धरा. किडनी कमजोर आहे पण डायलिसिस सुरू नाही, तर दिवसाला साधारण 48 ग्रॅम प्रथिनं पुरेत. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनं त्यातून वाहून जातात, म्हणून गरज वाढून 60 ते 72 ग्रॅमवर जाते. डायलिसिस लागल्यावरही वर्षापूर्वीच्या तक्त्याप्रमाणे डाळ-अंडं बंद ठेवणारी घरं असतात, आणि मग माणूस हाडाचा सापळा होतो. कॅन्सरमध्ये तर 60 ते 90 ग्रॅमपर्यंत हवीत, कारण तिथे आजार स्नायूच खातो. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठाचं सत्तावन्नच्याही खाली गेलं, की डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता आपल्या शेंगाचटणीकडे या. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ 700 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, फॉस्फरसही भरपूर. वजन घटलेल्या कॅन्सरच्या माणसाला दाण्याचं कूट आमटीत घाला, दह्यात कालवा, चांगलंच. तोंड आलं असेल तर तिखट नको आणि कडक भाकरी तर नकोच. ताजी भाकरी दुधात कुस्करून द्या. किडनीवाल्याच्या ताटात मात्र चटणी बोटाने चाखण्यापुरती, कारण तिच्यात मीठही मुरलेलं असतं. दिवसभराचं सगळं मीठ मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. यावर उपाय म्हणून ‘कमी सोडियमचं’ मीठ आणू नका. त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर पालक, बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या आणि मग फोडणी द्या. चव थोडी जाते, खरं आहे. कॅन्सरमध्ये ही खटपट नको. तिथे पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर बाहेरचं कापलेलं फळ आणि गाड्यावरचा रस टाळणं जास्त महत्त्वाचं.

पाण्याचं म्हणाल, तर सोलापूरचा एप्रिल-मे दोघांनाही कठीण. केमोवाल्याला घोट घोट पाजत राहावं लागतं. डायलिसिसवाल्याला सहसा कालच्या लघवीइतकं आणि वर अर्धा लिटर, एवढीच मुभा. तेवढं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवावं. चहा-ताक घेतलं की तितकं पाणी बाटलीतून कमी करावं.

व्यायामात दोघांचं बरंच जमतं. कंबर तलावावर किंवा होम मैदानावर ऊन चढायच्या आत अर्धा तास चाला. किडनीवाल्याने आठवड्याला 150 मिनिटांचं लक्ष्य ठेवावं, कॅन्सरवाल्याने आठवड्यातून निदान तीनदा जावं आणि दोन दिवस खुर्चीवरून उठ-बस करण्याचा व्यायाम करावा. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने शिरा जोडलेल्या, हाताने पाण्याची घागर उचलू नका. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर वाकणं-पिळणं नको.

दोन्ही आजार एकाच माणसाला असतील तर कुणाचं ताट मांडायचं? माझं मत स्पष्ट आहे: वजन उतरत असेल तर आधी पोट भरू द्या, प्रथिनांची कात्री बाजूला ठेवा, पोटॅशियमचा लगाम मात्र सोडू नका. प्रथिनं नेमकी किती, हे किडनीच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. त्यासाठी बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात जा की सोलापूरच्या सिव्हिलला, क्रिएटिनिनचे (किडनी किती काम करते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) जुने रिपोर्ट पहिल्याच भेटीत पुढे ठेवा. सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध किडनीलाच त्रास देतं, आणि डोस ठरतो तो ते आकडे पाहून.