क्रिप्टोमेटर : कागद गुगलवर, किल्ली आपल्याकडे

मी सांगलीत लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरतो. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, शाळामास्तर, दोन-चार डॉक्टर आणि जुलै लागला की निम्मं गाव. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि तळमजल्यावरच्या ऑफिसांतल्या फायलींचा पार लगदा झाला. तेव्हापासून आमच्या धंद्यात बहुतेकांनी स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर टाकायचा सपाटा लावला. पुरापासून कागद वाचले. पण तिथे ते उघडेबागडे पडलेत, याकडे फारसं कोणाचं लक्ष नाही.

एका क्लायंटच्या फोल्डरात काय काय असतं बघा. पॅन, आधार, फॉर्म १६, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, घरकर्जाचा दाखला, कधी कोरा चेक. 'पण पीडीएफला पासवर्ड असतो की!' असं क्लायंट मला ऐकवतात. असतो ना. एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचा आपल्या वर्षभराच्या व्यवहारांचा उतारा, त्याच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारचा म्हणजे नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. शेजारीच पॅनकार्डाचा फोटो पडलेला, त्यावर नाव आहे, नंबर आहे, जन्मतारीखही आहे. घ्या उघडून! गुगल आपल्या बाजूने फायली एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करून ठेवतं हे खरं, पण नेहमीच्या अकाउंटला त्याच्या किल्ल्या गुगलकडेच असतात. आणि तुमच्या अकाउंटात कोणी घुसलाच, तर त्याला सगळं तुम्हाला दिसतं तसंच दिसणार.

यावर मी क्रिप्टोमेटर वापरतो. जर्मनीतल्या स्कायमॅटिक कंपनीचा प्रोग्रॅम, कोड सगळ्यांना बघायला खुला. विंडोज, मॅक, लिनक्सवर फुकट. देणगी दिलीत तर बक्षीस म्हणून स्क्रीन काळी करता येते, म्हणजे डार्क मोड. मला तरी ही वसुलीची पद्धत आवडली. मोबाइलवर मात्र नीट वापरायचं तर पैसे मोजावे लागतात.

काम कसं चालतं ते सांगतो. गुगल ड्राइव्हच्या फोल्डरात एक तिजोरी बनवायची, तिला पासवर्ड द्यायचा. तिजोरी उघडली की संगणकात पेनड्राइव्ह लावल्यासारखी एक नवी ड्राइव्ह दिसते. तिच्यात फायली टाका, उघडा, एक्सेल बदला, सगळं नेहमीसारखं. एन्क्रिप्शन एईएस-२५६ नावाच्या भक्कम पद्धतीचं, आणि ते आपल्याच मशीनवर होतं, त्यामुळे वर जातो तो आधीच कुलूपबंद माल. मी मुद्दाम ब्राउझरमधून गुगल ड्राइव्ह उघडून बघितलं. 'डी' नावाचं फोल्डर, त्यात दोन-दोन अक्षरांची फोल्डरं, त्यात आणखी अगम्य नावांची फोल्डरं आणि आत शेवटी .सी९आर असलेल्या फायली. कोणती फाइल पाटलांची आणि कोणती कुलकर्ण्यांची, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. फायलींची संख्या, साधारण आकार आणि कधी बदलल्या ते मात्र बाहेरून दिसतं. माझ्या कामाला तेवढं चालतं.

दुसरी सोय म्हणजे प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट होते. एका क्लायंटचं स्टेटमेंट बदललं तर तेवढंच अपलोड होतं. सगळा गठ्ठा एकाच झिपमध्ये कोंबून पासवर्ड लावणाऱ्यांना याची किंमत कळेल. एक कागद बदलला की अख्खी झिप पुन्हा चढवा, आणि त्याच वेळी वीज गेली की बसा.

आता तक्रारी. ब्राउझरवरून काहीच शोधता येत नाही, फोटोची छोटी प्रतिमा दिसत नाही. 'साहेब, मागच्या वर्षीचं रिटर्न पाठवा ना, मी बँकेत उभा आहे,' असा फोन आला आणि आपण लग्नात असलो, तर मोबाइल ॲपमधून तिजोरी उघडून पाठवावं लागतं. जमतं, पण पंगतीला बसायच्या आधी उरकायचं. ऑफिसात दोन मशीनवर एकाच वेळी एकच तिजोरी उघडली आणि दोघांनी एकच फाइल बदलली की नावापुढे 'कॉन्फ्लिक्ट' लागलेली जुळी फाइल तयार होते. म्हणून आमच्याकडे एका वेळी एकानेच हात घालायचा, असा शिरस्ता आहे. आणि अपलोड पुरतं व्हायच्या आत मशीन बंद करायची नाही. मराठीत लांबलचक फाइलनावं दिली तर एन्क्रिप्ट झालेलं नाव आणखी लांबतं. प्रोग्रॅम ते आपोआप आखडून ठेवतो, मला आजवर अडचण आली नाही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पासवर्ड बदलला म्हणून आतल्या फायलींची मूळ किल्ली बदलत नाही. कामावरचा मुलगा सोडून गेला आणि त्याच्याकडे जुनी किल्ली-फाइल (तिजोरीतली, पासवर्डाने उघडणारी मूळ किल्लीची फाइल) व पासवर्ड असण्याची शंका असेल, तर नवी तिजोरी करून माल तिकडे हलवावा. आधी उघड्या टाकलेल्या फायली पुसल्या तरी गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतात, लगेच घालवायच्या तर तिथूनही हाताने काढाव्या लागतात. आणि तिजोरी उघडी असताना मशीनमध्ये व्हायरस असेल तर क्रिप्टोमेटर काही करू शकत नाही. गुगलची टू-स्टेप पडताळणीही चालूच ठेवा. चोराला वाचता आलं नाही तरी तिजोरी उडवता येते.

पासवर्ड विसरलात तर? एका अडत्याने मला विचारलं, 'मग कंपनीला फोन लावायचा ना?' लावा, पण तिकडे तुमची किल्लीच नाही. तिजोरी करताना प्रोग्रॅम रिकव्हरी की देतो, इंग्रजी शब्दांची मारुतीच्या शेपटासारखी ओळ. ती छापून ठेवायची. माझी एक प्रत बँकेच्या लॉकरात आहे आणि एक विट्याला ताईकडे. ताईला ते कशाचं हे ठाऊक नाही, पाकिटावर फक्त 'फेकू नये' लिहिलंय.

याच कामाला बॉक्सक्रिप्टर नावाचा दुसरा जर्मन प्रोग्रॅम होता. २०२२ मध्ये ड्रॉपबॉक्सने त्याचा मुख्य भाग विकत घेतला आणि नव्या गिऱ्हाइकांना दार बंद झालं. क्रिप्टोमेटरची कंपनी उद्या गुंडाळली गेली तरी कोड खुला असल्याने तिजोरी उघडायची सोय राहील, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नुसतं स्वतःचं आधार, लायसन्स, आरसी ठेवायचं असेल तर एवढा खटाटोप नको, डिजिलॉकर पुरेसा आहे. दुसऱ्यांचे कागद सांभाळत असाल, म्हणजे वकील, डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी, तर यंदाच्या जुलैच्या आधी बसवून घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा मोबाइल ॲपच्या संथपणापायी कापला.