पैशांची ओढाताण असताना: तयार आपत्कालीन किट घ्यावं की घरातूनच तयारी करावी?

पूर, वादळ, भूकंप, नाहीतर नुसतीच दोन-तीन दिवस गेलेली वीज. कारण कुठलंही असो, मदत पोहोचेपर्यंत निदान तीन दिवस घराला स्वतःच्या बळावर काढता यायला हवेत. त्यासाठी दोन मार्ग आहेत: एकदाच पैसे मोजून तयार किट आणायचं, किंवा घरात आहे त्यातून दर महिन्याला थोडं थोडं जमवत जायचं. हाताशी पैसे कमी असतील तर माझं मत दुसऱ्या मार्गाला आहे, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी.

पाणी

पिणं आणि जुजबी वापर धरून माणशी रोज साधारण ४ लिटर पाणी लागतं. चार माणसांचं घर, तीन दिवस, म्हणजे ४८ लिटर. एवढं पाणी पाठीवरच्या सॅकमध्ये मावत नाही, आणि मावलं तरी ४८ किलोचं ओझं उचलणार कोण? म्हणून बऱ्याच किटमध्ये १२५ मिलीची सीलबंद पाकिटं असतात. त्यातली ३२ पाकिटं फोडली की एका माणसाची एका दिवसाची गरज भागते. किटवर ‘चार जणांसाठी’ छापलेलं असलं तरी आत पाणी किती लिटर आहे, ते मोजूनच घ्या.

घरच्या तयारीत हाच भाग जवळपास फुकटात होतो. शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटल्या साबणाने धुऊन, खळखळून विसळून काठोकाठ भरा, झाकणावर तारीख लिहा आणि उन्हापासून लांब ठेवा. दर सहा महिन्यांनी पाणी बदला. दुधाचे प्लास्टिकचे कॅन मात्र नकोत; कितीही धुतले तरी दुधाचा अंश राहतो आणि त्यावर जंतू वाढतात.

साठा संपला तर? पाणी खळखळून उकळू लागल्यावर १ मिनिट तसंच ठेवा, २,००० मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर ३ मिनिटं. इंधन वाचवायचं असेल तर ५ ते ६ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं घरगुती क्लोरीन ब्लीच लिटरला २ थेंब टाकून पाणी अर्धा तास झाकून ठेवा. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. पाण्यात रसायनं किंवा इंधन मिसळलं असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही, ते पाणी पिऊ नका.

उजेड आणि फोन

इथे किट बरं वाटतं, कारण टॉर्च, शिट्टी, कधी हँडल फिरवून चालणारा रेडिओ एकाच जागी मिळतो. पण साधा एलईडी टॉर्च आणि अल्कलाइन सेल वेगळे घेतले तरी तेच काम होतं. सेल टॉर्चच्या आत ठेवू नका. काही महिन्यांनी ते पाझरतात, स्प्रिंगवर पांढरा थर चढतो आणि नेमक्या वेळी टॉर्च लागत नाही. बाहेर काढून टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवा. मेणबत्ती स्वस्त असली तरी माझ्या यादीत नाही: भूकंपानंतर गॅस गळत असू शकतो, आणि अंधारात घाबरलेली लहान मुलं घरात असतात.

पॉवर बँक घेणार असाल तर १०,००० एमएएच या आकड्यावर जाऊ नका. रूपांतरात बरीच वीज वाया जाते, त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन दोनदा नव्हे, साधारण दीडदाच भरतो. शिवाय तीन महिन्यांनी ती पुन्हा चार्ज करावी लागते. संकटात फोन लागत नसेल तर मेसेज करा, तो कमी नेटवर्कमध्येही जाण्याची शक्यता जास्त.

खाणं आणि औषधं

खाण्यासाठी वेगळी खरेदी नकोच. घरात रोज जे खाल्लं जातं, त्यातलं न शिजवता किंवा कमी पाण्यात होणारं थोडं जास्त आणा आणि जुनं आधी वापरा. वीज गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर आतलं सुमारे ४ तास थंड राहतं.

औषधांत किट हमखास तोकडं पडतं. पट्ट्या, कापूस, मलम त्यात असतं, पण घरातल्या आजींची रक्तदाबाची गोळी कुठल्याही किटमध्ये नसते. रोजच्या औषधांचा आठवड्याचा साठा आणि चिठ्ठीची प्रत, यावर पैसा आधी खर्च करा. जुलाब झाले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने मोजून, विरघळवून घोट घोट द्या. प्रमाण चुकवू नका, जास्त मीठ लहान मुलांना धोक्याचं असतं.

मग किट कुणी घ्यावं?

हळूहळू जमवायचं म्हटलं की दुसऱ्या महिन्यालाच राहून जातं, असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी लहानसं किट जरूर घ्यावं. अर्धवट यादीपेक्षा दाराशी असलेली सॅक कितीतरी बरी. पूररेषेत किंवा किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही ते सोयीचं, कारण त्यांना घर सोडून निघावं लागू शकतं आणि बाटल्यांचा साठा मागेच राहतो. मात्र घेतल्यावर उघडा, मुदती बघा, आणि त्यात ओळखपत्रांच्या प्रती, थोडी सुटी रोकड आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घाला.

बाकीच्यांनी या महिन्यात बाटल्या भराव्यात, पुढच्या महिन्यात टॉर्च आणि सेल, त्यानंतर औषधं. घरात कुणी रोजच्या औषधावर असेल तर क्रम उलटा करा.