घरी भजन रेकॉर्ड करायला रीपर कसं आहे, वर्षभर वापरून

सांगलीत विश्रामबागला आमच्या मागच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगल्यात, फॅन बंद करून बसायचं, आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि दोन इनपुटचा स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची डबी), एवढ्यावर वर्षभर रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर वापरतोय आणि मनापासून सांगतो, घरी भजन नाहीतर शास्त्रीय गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला दुसरं सॉफ्टवेअर घ्यायची गरजच नाही.

पैशाचं आधी सांगतो. ६० दिवस सगळं वापरायला मिळतं, काही लॉक नाही, मग घरगुती लायसन्स ६० डॉलर, एकदाच, दर महिन्याचं भाडं नाही. मुदत संपली तरी बंद पडत नाही, नुसती आठवण करतं, पण म्हणून फुकट वापरत राहू नका, एवढं चांगलं काम इतक्या कमीत देतायत तर द्यावेत की पैसे. विनॅम्प आठवतंय ना, कॉम्प्युटरवर गाणी ऐकायचा जुना प्लेअर, ते बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच आहे हे.

खरा कस लागला तो तानपुऱ्याला. आमचा मिरजेचा आहे (२०२४ ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, उगाच नाही). पहिल्या मिक्सला सगळ्या ट्रॅकवर सरसकट ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) टाकला आणि तानपुरा पार पोकळ वाजायला लागला, दोन दिवस माइकच इकडं तिकडं हलवत बसलो. मग रीपरच्याच ईक्यूमधला (आवाजातले खालचे-वरचे सूर कमीजास्त करायचं साधन) ग्राफ बघताना लक्षात आलं, काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे लो कटमध्ये खर्जाचा षड्जच जात होता! आता गळ्याला ८० आणि तानपुऱ्याला ४०, ट्रकची घरघर जाते आणि जवारी (तारांचा झणझणता नाद) भरून येते.

रेकॉर्डिंग २४ बिटला ठेवा आणि लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास, कारण आलापाला बरोबर वाटणारी लेव्हल तार षड्जाला फाटते. एका ओळीचे चार टेक घेतले तर एकाखाली एक राहतात, त्यातला सुरेल तेवढा निवडायचा, मला हे सगळ्यात आवडतं.

तबला-पेटीचे तयार आवाज रीपरमध्ये येत नाहीत, आम्ही खरेच वाजवतो म्हणून अडत नाही, पण बीट बनवणाऱ्यांनी विचार करून घ्या. मेनू भरपूर आहेत, काही सापडलं नाही तर प्रश्नचिन्हाची की दाबा, अ‍ॅक्शनची म्हणजे कमांडची यादी उघडते, त्यात नाव टाइप केलं की झालं.