टेको बोल्ड: रेडियमच्या दुकानात वर्षभर वापरल्यावर

टेम्पोच्या काचेवरची ‘अंबाबाई’ पहिल्याच पावसात ‘अबाबाई’ झाली आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. अनुस्वार गळाला होता. म्हटलं, आता टेको बोल्ड या फॉन्टबद्दल लिहायलाच हवं.

गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, लायसन खुलं आहे, धंद्यात बिनधास्त वापरता येतो, हे बहुतेकांना माहीत असेलच. इंडियन टाइप फाउंड्रीचा, मनुषी पारिख यांनी आखलेला. लाइटपासून बोल्डपर्यंत पाच वजनं (म्हणजे अक्षराच्या जाड्या), पण आमच्याकडे चालतं ते फक्त बोल्ड. विकतच्या फॉन्टचं डोंगल (कॉम्प्युटरला लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती किल्ली) सांभाळत बसण्यापेक्षा हे कधीही बरं.

तर टिंब. अनुस्वार कुठल्याही फॉन्टात सुटाच असतो, मान्य. पण टेकोचं अक्षरच अरुंद, त्यामुळे टिंबालाही हात-पाय पसरायला जागा नाही. लहान मापात कापलं की ते मसुराएवढं उरतं. त्याला चिकटायला जागा ती किती? कापलेली अक्षरं उचलून काचेवर लावायची टेप सोलताना तेही टेपबरोबर वर येतं. ‘सर्वांना’ कापून बघा. एका ‘वा’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दाटीवाटीने बसलेले, मधली फट इतकी बारीक की प्लॉटरचं, म्हणजे रेडियम कापायच्या मशीनचं, पातं वळताना रेडियमचा कोपराच उचकटतं. मी आता कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे नुसत्या आकारात बदलून, टिंब वेगळं निवडतो, थोडं मोठं करतो आणि खाली ओढून शिरोरेषेला टेकवतो. जाणकार नाक मुरडतील; टेम्पोवाला मुरडत नाही. या कामाचे जादा पैसे मात्र कोणी देत नाही, म्हणून अनुस्वारवाल्या नावांचा दर मी गुपचूप वाढवलाय.

वेल्ड करायला, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करायला, विसरू नका. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, तशीच फाइल सोडली तर दर अक्षराच्या सांध्यावर काप पडतो. पण हे दुखणं एकट्या टेकोचं नाही.

अरुंद म्हणजे सगळीकडे फायदाच, हे मत पाट्या करायला लागल्यावर बदललं. दहा बाय दोनच्या पाटीवर अडचण लांबीची नसतेच, उंचीची असते. ‘श्री तुळजाभवानी’ लिहिलं की वर वेलांट्या, खाली उकार. अक्षराच्या वाट्याला उंची येते थोडीच. मोठं करता येत नाही आणि दोन्ही बाजूंना पाटी रिकामी. मग गिऱ्हाईक म्हणतं, “ताणा की जरा!” ताणलं की उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि दोन्ही जवळपास सारख्या असण्यातली टेकोची शान तिथेच संपते. अशा पाटीला मी सरळ मुक्ता हा दुसरा फॉन्ट लावतो. गाडीची मागची फळी, दोन खांबांमधला चिंचोळा बोर्ड, तिथे मात्र टेकोला तोड नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मराठी पाट्यांच्या कामात. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार पाटीवरचं मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिल्यावर तर मुंबईत दुकानदारांची पळापळ झाली होती. आमच्याकडेही जुन्या पाट्या बदलायला अजून लोक येतात. टेकोत मराठी आणि इंग्रजी एकाच घरातली असल्याने दोन्हींची जाडी जुळते, जोडीदार फॉन्ट शोधावा लागत नाही. फक्त पॉइंट साइजवर विसंबू नका. आकडा सारखा ठेवला म्हणून उंची सारखी येत नाही. मी आधी इंग्रजी ओळ टाकतो, मराठी ओळ वेलांटी-उकार सोडून तिच्याहून बोटभर उंच करतो, आणि मगच फाइल गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲपवर धाडतो.