आय-ट्वेंटी एन लाईन टर्बो: मॅन्युअल की डीसीटी?

ह्युंदाईची ही गाडी दोन गिअरबॉक्समध्ये येते: हाताने गिअर बदलायचा मॅन्युअल आणि डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. इंजिन दोन्हीकडे तेच: एक लिटर, तीन सिलिंडर, १२० पीएस ताकद, १७२ एनएम टॉर्क. हीच गाडी कुणाला जीव की प्राण, तर कुणाला तिचं कडक सस्पेन्शन नकोसं. काळ्या मातीवरच्या लाटा पडलेल्या रस्त्यावर मागे बसलेल्यांना ते जाणवतंच. गिअरबॉक्स बदलून यात फरक पडत नाही.

खर्च: डीसीटीला सुमारे लाखभर जास्त.

उष्णता: खरा प्रश्न इथे आहे. डीसीटीचा दुहेरी क्लच कोरडा आहे, त्याला थंड ठेवायला तेल नाही. मे महिन्यात ४२ अंशांत, संभाजीनगरच्या जालना रोडवर गाडी इंच-इंच सरकवली की क्लच अर्धवट घासत राहतो, तापतो आणि झटके देतो. पुढे जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून निघा. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. मॅन्युअलचा क्लचही कोरडाच. पण तो किती घासायचा हे आपल्या पायावर असतं. झिजला तर दुरुस्तीही सोपी आणि स्वस्त.

घाट: कन्नडच्या घाटात मॅन्युअल जास्त रंगते. डीसीटी उतारावर स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो.

समृद्धीवर लांबचा प्रवास जास्त, घरात दोघं चालवणारे, तर डीसीटी. रोज शहरातली गर्दी, किंवा वॉरंटीनंतरही गाडी ठेवायची असेल तर मॅन्युअलच घ्या.